स्थानिक भूल देणाऱ्या औषधांची जनुकीय सुरक्षितता: उंदरांवरील मायक्रोन्यूक्लियस चाचणी टप्प्याटप्प्याने

लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन, प्रायलोकेन यांसारख्या औषधांवर किंवा त्यांच्या नव्या मिश्रणांवर काम करणारे पुण्यातील औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि तरुण संशोधक जनुकीय सुरक्षिततेसाठी बहुधा एकच चाचणी निवडतात, ती म्हणजे उंदराच्या अस्थिमज्जेतील मायक्रोन्यूक्लियस चाचणी. मायक्रोन्यूक्लियस म्हणजे गुणसूत्राला इजा झाल्यावर पेशीत मागे राहिलेला केंद्रकाचा छोटा तुकडा. निवड योग्य आहे. चुका होतात त्या पुढे, आणि त्या पुन्हापुन्हा त्याच होतात. ‘मायक्रोन्यूक्लियस वाढले नाहीत, म्हणून औषध सुरक्षित’ हे वाक्य मसुद्यात असते, पण औषध अस्थिमज्जेपर्यंत पोहोचल्याचा पुरावा कुठेच नसतो. उलट कधी मायक्रोन्यूक्लियस थोडे वाढलेले दिसतात आणि औषधाला दोषी ठरवले जाते; त्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान तासन्‌तास खाली गेले होते, ही नोंद मात्र कोणी घेतलेली नसते.

भूल देणाऱ्या औषधांची अडचण अशी की मेंदू आणि हृदय यांवरील तीव्र विषारी परिणाम फार लवकर दिसतात. झटके, श्वास मंदावणे, शरीर गार पडणे या गोष्टी आधी येतात आणि त्यामुळे मात्रा फार वर नेता येत नाही. म्हणून या चाचणीत सूक्ष्मदर्शकाखालच्या मोजणीइतकेच महत्त्व मात्रा, तापमान आणि रक्तातील पातळी यांना आहे. पुढील टप्पे त्याच दृष्टीने लिहिले आहेत. आधार ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या ४७४ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेचा आहे, आणि तिची २०१६ची आवृत्तीच वापरावी. जुन्या प्रबंधांतून पद्धत उतरवून घेतली की प्रत्येक प्राण्यामागे २००० अपरिपक्व, म्हणजे मज्जेत नुकत्याच बनलेल्या, लाल पेशी मोजण्याचा जुना नियमही सोबत येतो. आता ती संख्या ४००० आहे.

टप्पा १: प्रश्न ठरवा, मग परवानगी मागा

परवानगीचा अर्ज भरण्याआधी एका वाक्यात लिहा: शंका मूळ औषधाबद्दल आहे की शरीरात त्याचे रूपांतर होऊन तयार होणाऱ्या पदार्थाबद्दल? हा प्रश्न पुस्तकी नाही. लिग्नोकेनच्या विघटनातून २,६-झायलिडीन तयार होते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गट २बीमध्ये ठेवले आहे. प्रायलोकेनपासून ऑर्थो-टोल्युइडीन तयार होते आणि ते तर गट १मध्ये, म्हणजे मानवात निश्चित कर्करोगकारक पदार्थांत, आहे. प्रोकेनसारखी एस्टर वर्गातील औषधे रक्तातच एन्झाइमांमुळे फुटून पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल देतात; त्यांचा मार्ग पूर्णपणे निराळा आहे.

रूपांतर मुख्यतः यकृतात होत असेल, तर केवळ अस्थिमज्जा पाहून समाधान मानू नये. यकृतात तयार झालेला अल्पायुषी पदार्थ मज्जेपर्यंत पोहोचेलच असे नाही. अशा वेळी त्याच प्राण्यांच्या यकृतावर कॉमेट चाचणी (पेशीतील डीएनए तुटले आहे का हे पाहणारी, ओईसीडी ४८९) जोडण्याचा विचार सुरुवातीलाच करावा. मात्र तिच्यासाठी नमुना शेवटच्या मात्रेनंतर २ ते ६ तासांत घ्यायचा असतो आणि मज्जेसाठी त्याहून उशिरा. दोन्ही वेळा जुळवणारे वेळापत्रक आधी कागदावर बसले पाहिजे.

परवानगीशिवाय एकही प्राणी आणू नये. संस्थेची नोंदणी प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीएसईए या केंद्रीय समितीकडे असावी, प्रस्ताव फॉर्म बीमध्ये भरून संस्थात्मक प्राणी आचारसमितीकडून मंजूर झालेला असावा आणि प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घेतलेले असावेत. प्राथमिक मात्राशोधासाठी आणि रक्तातील पातळी मोजण्यासाठी लागणारे प्राणी अर्जात विसरले जातात. ते नंतर ‘थोडे जास्त’ म्हणून मिळत नाहीत आणि मग नेमका हाच भाग गाळला जातो.

*पडताळणी:* अर्जातील प्राण्यांच्या संख्येत मुख्य गट, मात्राशोध आणि रक्तनमुन्यांचा स्वतंत्र गट हे तिन्ही वेगवेगळे दाखवले आहेत का?

टप्पा २: औषध आणि द्रावण

बाजारातील इंजेक्शनची बाटली हे चाचणीचे औषध नव्हे. दंतवैद्यकातील लिग्नोकेनच्या अनेक काडतुसांत ॲड्रेनालिन असते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करून औषधाचे शोषणच बदलते आणि त्याला टिकवण्यासाठी सल्फाइट घातलेले असते. अनेक डोस काढता येणाऱ्या बाटल्यांत मिथाइलपॅराबेन हे संरक्षक असते. तुमचा प्रश्न त्या तयार उत्पादनाबद्दलच असेल तर ते अवश्य वापरा, पण मग औषध वगळून बाकी सर्व घटक असलेले द्रावण नियंत्रण गटाला, म्हणजे औषध न मिळणाऱ्या तुलनेच्या गटाला, द्यावे लागेल. साधे सलाइन तेथे चालणार नाही. प्रश्न औषधाबद्दल असेल तर शुद्ध पदार्थ घ्या आणि त्याचा बॅच क्रमांक व शुद्धतेचे प्रमाणपत्र फाइलला लावा.

पुढची चूक वजनाची. लिग्नोकेनचा मूळ रेणू २३४.३ रेणुभाराचा आहे, तर त्याच्या हायड्रोक्लोराइडच्या मोनोहायड्रेट क्षाराचा रेणुभार २८८.८ आहे. म्हणजे १०० मिलिग्रॅम मूळ औषध द्यायचे असेल तर सुमारे १२३ मिलिग्रॅम क्षार तोलावा लागतो. अहवालात ‘मात्रा मूळ औषधाच्या हिशोबात’ की ‘क्षाराच्या हिशोबात’ हे न लिहिल्यास दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी तुलना करताच येत नाही. केवळ हिशोबाचे उदाहरण घ्यायचे तर, २८ ग्रॅम वजनाच्या उंदराला किलोमागे १०० मिलिग्रॅम मूळ औषध आणि किलोमागे १० मिलिलिटर द्रावण द्यायचे ठरले, तर द्रावणात दर मिलिलिटरला १२.३ मिलिग्रॅम क्षार हवा आणि त्या उंदराला ०.२८ मिलिलिटर द्यावे लागेल.

द्रावण आम्लधर्मी राहते. ते त्वचेखाली टोचताना जळजळू नये म्हणून सामू वाढवण्याचा मोह होतो, पण लिग्नोकेनचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू विद्युतभाररहित होतात तो आकडा, ७.९ च्या आसपास आहे आणि सामू तिकडे सरकू लागला की मूळ औषध द्रावणातून बाहेर पडू लागते. बाटली उजेडासमोर धरून पाहा: हलकासा धुरकटपणा किंवा तळाशी तेलकट थेंब दिसला, तर त्या द्रावणातील मात्रेचा आकडा तुम्हाला माहीत नाही असेच समजा आणि ते टाकून द्या.

टप्पा ३: प्राणी आणि खोली

चाचणी सुरू होताना उंदीर ६ ते १० आठवड्यांचे असावेत आणि प्रत्येकाचे वजन त्या लिंगाच्या सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत असावे. आणल्यावर किमान ५ दिवस स्थिरावू द्यावेत. खोलीचे तापमान २२ अंश, कमीजास्त ३. आर्द्रता शक्यतो ४० ते ७० टक्के. प्रकाश आणि अंधार १२-१२ तास.

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हे तापमान आपोआप राहत नाही. दुपारी वीज गेली, वातानुकूलन बंद पडले आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, तर प्राणिगृहातील पारा किती चढला हे सकाळ-संध्याकाळच्या दोन नोंदींत दिसणार नाही. सतत नोंद घेणारा लॉगर पिंजऱ्यांच्या पातळीवर ठेवावा, दाराजवळच्या भिंतीवर नको. याचे कारण केवळ प्राण्यांची सोय एवढेच नाही. शरीराचे तापमान बरेच वाढले किंवा बरेच घटले, तर औषधाशिवायही मायक्रोन्यूक्लियस वाढू शकतात.

टप्पा ४: मात्रा शोधणे

येथे घाई करू नये. सर्व चाचणीचे मोल याच टप्प्यावर ठरते.

मार्ग आधी ठरवा. पोटाच्या पोकळीत टोचणे सोपे असते म्हणून सर्रास केले जाते, पण माणसाला औषध तसे दिले जात नाही आणि मार्गदर्शक सूचनाही त्या मार्गाची शिफारस करत नाही. त्वचेखालून दिल्यास शोषण हळूहळू होते, रक्तातील शिखर बोथट राहते आणि म्हणून एकूण मात्रा अधिक सहन होते; स्थानिक भुलीच्या औषधासाठी मला हा मार्ग सर्वांत समर्थनीय वाटतो. तोंडावाटे दिलेल्या लिग्नोकेनचा बराच भाग पहिल्याच फेरीत यकृतात मोडतो. म्हणून मूळ औषधाची चाचणी करायची असेल तर तो मार्ग कमकुवत आहे, पण विघटनातून बनणाऱ्या पदार्थांची शंका असेल तर तोच उपयोगाचा ठरतो. शिरेतून दिल्यास मज्जेला औषध पोहोचल्याचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, मात्र हृदयावरील परिणामामुळे, विशेषतः ब्युपिव्हाकेनबाबत, मात्रा फारच खाली ठेवावी लागते.

आता सर्वोच्च मात्रा. किलोमागे २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा विषारी नसलेल्या पदार्थांसाठी आहे आणि भुलीच्या औषधांबाबत तिथवर पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. येथे लागू होते ती ‘जास्तीत जास्त सहन होणारी मात्रा’, आणि तिचा अर्थ अनेकदा उलटा घेतला जातो. ज्या मात्रेला अर्धे प्राणी झटके देतात ती मात्रा सहन होणारी नव्हे. जिच्यात मृत्यू होत नाही आणि प्राण्याला वेदनेतून सोडवण्यासाठी मारण्याची पाळी येत नाही, तीच सर्वांत वरची. मात्राशोधात दोन-दोन प्राणी घेऊन कमी मात्रेकडून वर जावे, पहिल्या दोन तासांत प्राण्यांजवळून हलू नये आणि लक्षणे वेळेसह लिहावीत: चाल अडखळणे, शेपटी ताठ होणे, हालचाल थांबणे, झटका, श्वास. ‘सुस्त’ एवढाच शब्द लिहिलेली नोंद कोणाच्याच कामाची नाही.

वरची मात्रा मिळाली की खालच्या दोन मात्रा साधारण दुपटीच्या अंतराने घ्याव्यात. ते अंतर चौपटीहून अधिक नसावे.

*सावधान:* मात्राशोधातले वाचलेले प्राणी मुख्य गटात मिसळू नका. त्यांना औषध आधीच मिळालेले असते.

टप्पा ५: गट आणि वेळापत्रक

प्रत्येक गटात प्रत्येक लिंगाचे किमान ५ प्राणी असावेत. नर-मादी यांच्या प्रतिसादात फरक नसल्याचे आधीच्या अभ्यासांतून दाखवता येत असेल तर एकच लिंग पुरते.

एकच मात्रा दिली तर मज्जा दोन वेळा घ्यावी लागते, साधारणपणे २४ आणि ४८ तासांनी. २४ तासांच्या अंतराने दोन मात्रा दिल्या तर दुसऱ्या मात्रेनंतर १८ ते २४ तासांनी एकदाच नमुना पुरतो. दुसऱ्या पद्धतीत एका लिंगासाठी नियंत्रण, तीन मात्रापातळ्यांचे गट आणि धन नियंत्रण (मायक्रोन्यूक्लियस नक्की वाढवणारे औषध दिलेला गट) मिळून २५ प्राणी लागतात. पहिल्या पद्धतीत नियंत्रण व सर्वोच्च मात्रेचे आणखी १० वाढतात. म्हणून मी औषध दोनदा देण्याचीच शिफारस करतो. प्राणी वाचतात आणि अंगातून झपाट्याने निघून जाणाऱ्या औषधाला मज्जेवर परिणाम करण्याची दुसरी संधी मिळते.

धन नियंत्रणासाठी सायक्लोफॉस्फामाइड चालते. ते वेगळ्या मार्गाने दिले तरी हरकत नाही. ते स्वतः कर्करोगकारक असल्यामुळे हातमोजे, स्वतंत्र ट्रे आणि या पिंजऱ्यांचे तूस वेगळ्या पिशवीत, एवढी शिस्त पाळावीच लागते.

टप्पा ६: मात्रा देण्याचा दिवस

सकाळी सगळे नियंत्रण गट आणि दुपारी सगळे उच्च मात्रेचे गट, असा क्रम ठेवू नका. प्रत्येक गटातील एकेक प्राणी घेऊन फेरी पूर्ण करा, मग दुसरी फेरी. मज्जा काढतानाही हाच क्रम ठेवा, म्हणजे मात्रा आणि नमुना यांतील अंतर सर्वांचे सारखे राहते.

शरीराचे तापमान मात्रेपूर्वी, त्यानंतर १५, ३० व ६० मिनिटांनी आणि पुढे २ व ४ तासांनी घ्यावे, आणि ते नियंत्रण गटाचेही घ्यावे, कारण प्रोब लावण्यासाठी पकडण्याचाही प्राण्यावर ताण येतो. प्राणी गार पडलेला दिसला की दिव्याखाली ठेवण्याची सहज प्रवृत्ती होते. ती आवरावी. अतिउष्णतेनेही मायक्रोन्यूक्लियस वाढतात, आणि काही पिंजरे दिव्याखाली व काही नाहीत अशी स्थिती झाली की गटांची तुलनाच संपते. घट मोठी आणि दीर्घकाळ टिकणारी असेल तर मात्रा चुकीची निवडली गेली आहे. आचारसमितीला कळवून एक पायरी खाली यावे.

टप्पा ७: रक्तातील पातळी

याच टप्प्याला सर्वाधिक वेळा फाटा दिला जातो. मज्जेला औषध पोहोचल्याचा पुरावा तीन प्रकारे मिळू शकतो: अपरिपक्व लाल पेशींचे प्रमाण घटलेले दिसणे, रक्तातील औषधाची पातळी मोजणे, किंवा त्याच प्रजातीत त्याच मार्गाने केलेल्या स्वतंत्र अभ्यासाची माहिती दाखवणे. भुलीच्या औषधाने पेशींचे प्रमाण घटेलच असे नाही, त्यामुळे प्रत्यक्षात पातळी मोजणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.

यासाठी स्वतंत्र गट घ्यावा, कारण वारंवार रक्त काढल्याने मज्जेतील पेशीनिर्मिती बदलते. पहिला नमुना मात्रेनंतर १५ मिनिटांच्या आसपास हवा. थेट दुसऱ्या दिवशी मज्जा काढताना रक्त घेतले तर औषध सापडणार नाही आणि ‘शोषणच झाले नाही’ असा खोटा निष्कर्ष निघेल.

*सावधान:* शेपटीतून रक्त काढताना प्राण्याला दुखू नये म्हणून भुलीचे मलम लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. हेतू चांगला असला तरी या अभ्यासात ते चालत नाही. त्या मलमातच लिग्नोकेन किंवा प्रायलोकेन असते आणि तुमच्या नमुन्यात तेच मोजले जाते. एस्टर वर्गातील औषध असेल तर नळीत एन्झाइम रोखणारा पदार्थ आधीच घालून ठेवावा, नाहीतर औषध प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नळीतच फुटत राहते.

टप्पा ८: मज्जा आणि स्लाइड

मंजूर पद्धतीने प्राणी मारल्यावर मांडीचे हाड लगेच काढावे. स्नायू पुसून दोन्ही टोके कापावीत आणि बारीक सुईने फीटल बोव्हाइन सीरम (वासराच्या गर्भाच्या रक्तातील द्रव) एका टोकातून हळू सोडावे. हाड लालसरवरून पांढुरके झाले की मज्जा निघाली. सीरमऐवजी सलाइन वापरल्यास पेशींचा आकार बिघडतो आणि ही कसर पुढे रंगवताना भरून निघत नाही. हलक्या वेगाने ५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे, वरचे सीरम बहुतांश काढावे आणि उरलेल्या थेंबभर द्रवात पेशी पिपेटने अलगद मिसळून काचेवर स्मिअर, म्हणजे पातळ थर, ओढावा. थर जाड झाला की पेशी एकमेकींवर चढतात. पातळ आणि एकसारखा हवा.

सुकवणे हा पुण्यात ऋतूचा प्रश्न आहे. मे महिन्यात स्मिअर पाहता पाहता सुकतो. जुलैमध्ये तोच स्मिअर ओलसर राहतो, आणि तसाच मेथनॉलमध्ये बुडवला की पेशींवर चमकणारे गोल ठिपके उमटतात, जे नवख्या डोळ्याला हुबेहूब मायक्रोन्यूक्लियस वाटतात. पावसाळ्यात स्लाइड सिलिका जेल असलेल्या बंद पेटीत पूर्ण सुकवाव्यात. मेथनॉल दर खेपेला ताज्या बाटलीतून घ्यावे, कारण उघडे राहिलेले मेथनॉल हवेतील पाणी ओढते.

रंगासाठी जिम्सा किंवा अ‍ॅक्रिडीन ऑरेंज. जिम्सा स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण बफरचा सामू ६.८ असावा आणि तो डिस्टिल्ड पाण्यात बनवावा. अ‍ॅक्रिडीन ऑरेंज डीएनएला पिवळसर हिरवा आणि आरएनएला नारिंगी-लाल रंग देते, त्यामुळे भ्रामक ठिपके बरेच कमी होतात. फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल तर मी तेच निवडीन. मात्र रंग फिका पडतो, म्हणून मोजणी लगेच करावी.

*पडताळणी:* पहिल्यांदा केवळ धन नियंत्रण आणि नियंत्रण यांच्या एकेका स्लाइडला रंग द्या. जिम्सात अपरिपक्व पेशी निळसर आणि परिपक्व पेशी गुलाबीसर अशा स्पष्ट वेगळ्या दिसत नसतील, तर उरलेल्या स्लाइडना हात लावू नका.

टप्पा ९: मोजणी

स्लाइडना सांकेतिक क्रमांक देणारी व्यक्ती आणि मोजणारी व्यक्ती वेगळी असावी. आधी किमान ५०० लाल पेशी पाहून त्यांत अपरिपक्व किती हे काढावे. हे प्रमाण नियंत्रण गटातील प्रमाणाच्या २० टक्क्यांखाली गेलेले नसावे. मग प्रत्येक प्राण्याच्या ४००० अपरिपक्व पेशी मोजाव्यात.

मायक्रोन्यूक्लियस गोल, ठळक कडांचा आणि पेशीच्या व्यासाच्या पाचव्या हिश्श्याहून लहान असतो. फोकस थोडा वरखाली करा: जिम्सात खरा मायक्रोन्यूक्लियस गडदच राहतो, रंगाचा कण किंवा पाण्याचा ठिपका चमकतो. एका पेशीत दोन आढळले तरी ती पेशी एकच धरावी. चांगल्या स्थितीतील उंदरांच्या नियंत्रण गटात दर हजारी साधारण एक ते तीन पेशी सापडतात; तुमच्या नियंत्रण गटात आठ-दहा निघत असतील तर औषधाकडे वळण्याआधी स्लाइड, खोलीचे तापमान आणि मोजणारी व्यक्ती यांची तपासणी करावी.

टप्पा १०: निष्कर्ष काढणे

संख्याशास्त्राचे एकक प्राणी आहे, पेशी नव्हे. पाच प्राण्यांच्या २०,००० पेशी एकत्र करून काढलेला अर्थपूर्ण फरक ग्राह्य नाही. सकारात्मक निष्कर्षासाठी तीन अटी आहेत: किमान एका मात्रेला नियंत्रणापेक्षा संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण वाढ, मात्रेबरोबर वाढत जाणारा कल, आणि ती वाढ प्रयोगशाळेच्या स्वतःच्या जुन्या नियंत्रण नोंदींच्या पट्ट्याबाहेर असणे. तिन्ही पूर्ण झाल्या तर सकारात्मक. एकही पूर्ण झाली नाही आणि मज्जेला औषध पोहोचल्याचा पुरावा असेल तर नकारात्मक. ज्या प्रयोगशाळेकडे स्वतःच्या जुन्या नोंदीच नाहीत तिने इतरांचा पट्टा उसना घेऊ नये. तो रंग, ती जात आणि तो डोळा वेगळा असतो.

फक्त सर्वोच्च मात्रेला वाढ दिसली आणि त्याच प्राण्यांचे तापमान घटले होते, तर दोन्ही आकडे प्राणीनिहाय शेजारी मांडा. ज्यांचे तापमान अधिक उतरले त्यांच्यातच मायक्रोन्यूक्लियस अधिक असतील, तर तापमान टिकवून ठेवणाऱ्या मात्रेवर चाचणी पुन्हा करण्यास आचारसमितीपुढे सबळ कारण आहे. संबंध दिसत नसेल तर वाढ औषधाचीच धरावी आणि ती दडपू नये.

अहवालात मात्रा कोणत्या हिशोबात आहे, द्रावणातील सर्व घटक, तापमानाचा तक्ता, रक्तातील पातळी, प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र मोजणी आणि वगळलेला प्राणी असल्यास त्याचे कारण या गोष्टी असाव्यात. जिम्साच्या स्लाइड संकेत उघडल्यानंतरही फेकू नयेत. अ‍ॅक्रिडीन ऑरेंजच्या बाबतीत न रंगवलेला एक जादा स्मिअर प्रत्येक प्राण्यामागे मेथनॉलमध्ये स्थिर करून बाजूला ठेवावा, म्हणजे शंका आली तर दुसऱ्या व्यक्तीला नव्याने मोजणी करता येईल.